देवीचे हात

१३ जानेवारी १८८९, कर्जत

काल संक्रांत. आनंदीबाई तिळगूळ घेऊन मागच्या दाराने आली आणि वाटी खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, "तारबाई, नाटकवाले आले गं. खालापुराकडनं गाड्या आल्यात. दहिवलीच्या खळ्यावर बांबू उतरवतायत."

माझा पास्कू इथल्या स्टेशनात तारमास्तर होता. तो देवाघरी गेल्याला बरीच वर्षं झाली, त्याच्या खुर्चीवर दोन बाबू येऊन बदलून गेले, तरी गावाला मी तारबाईच. आनंदीचा नवरा रूळ बदलणारा सांधेवाला होता, तोही गेला. घाटात बोगद्यांची कामं चालली होती त्या दिवसांत आम्ही दोघी नव्या नवऱ्या म्हणून रेल्वेच्या चाळीत आलो. ती शेलूहून आली, मी भायखळ्याच्या कॉन्व्हेंटातून. मला चूल पेटवता येत नव्हती. पहिल्याच सकाळी चाळभर धूर केला, तेव्हा ही शेजारीण फुंकणी घेऊन आली आणि म्हणाली, "शाळेत काय नुस्ती फुलंच काढायला शिकवली का?" ती फुंकणी तिने परत नेली नाही.

कॉन्व्हेंटात मदर इग्नेशिया आमच्याकडून रोजनिशी इंग्रजीत लिहून घ्यायच्या. पण आनंदीचं बोलणं इंग्रजीत उतरवलं की ते दुसऱ्याच कुणाचं होतं, म्हणून मी कधीच मराठीवर आले.

आज दुपारभर आम्ही जुन्या नाटकांच्या गोष्टी काढत बसलो. आम्ही पाहिलेलं पहिलं नाटक देवळापुढच्या अंगणात झालं. वर नुसतं आभाळ होतं आणि दोन्ही बाजूंना मशाली. राक्षस आला तेव्हा कुणीतरी मशालीवर राळ फेकली, एवढा मोठा भडका झाला, आणि पुढे बसलेल्या सगळ्या बायका उठून शेतात पळाल्या. थोड्या वेळाने हसत हसत परत आल्या. आनंदी मात्र पळाली नव्हती. ती माझ्या मांडीवर चढून बसली होती.

"तू पण पळाली नाहीस," ती आज म्हणाली.

"कशी पळणार? तू वर बसली होतीस."

ह्या खेपेला मशाली नाहीत. घासलेटचे दिवे आणि वर पेंढ्याचं छप्पर. आनंदीला आता लांबचं दिसत नाही, म्हणून पुढे बसायचं तिने ठरवूनही टाकलं.

१९ जानेवारी

मंडळीचे मालक मालोजीराव स्वतः आले, बरोबर कपड्यांचं मोठं गाठोडं. इकडे गोऱ्या लोकांच्या घरी मी लेस लावून देते हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. माणूस गोड बोलणारा, बोटात लाल खड्याची अंगठी. गाठोड्यात देवीचं हिरवं लुगडं होतं, काठाला तीन ठिकाणी फाटलेलं, आणि चोळीची जर निघालेली.

"बाई, ह्या देवीला परत माणसांत आणा," ते म्हणाले.

आणि देवीला ओटीवर झोपायला जागा द्या, असंही म्हणाले. म्हणजे देवीचं काम करणाऱ्या पोपटला. मंडळीच्या बिऱ्हाडात चुलींचा धूर असतो, त्याने त्याचा गळा बसतो. पोपट विशीतला, वाईकडचा. केस कमरेपर्यंत, अंगाने किरकोळ. मालक बोलत होते तेवढ्या वेळात त्याने सुई ओवून माझं अर्धवट राहिलेलं झबलं तुरपून टाकलं. टाका जरा मोठा आहे. मदरनी उसवायला लावला असता. मी लावला नाही.

२४ जानेवारी

आज हसून पोटात दुखलं. पोपट न्हाऊन मागच्या अंगणात पाठमोरा केस वाळवत बसला होता. दहिवलीची भागूबाई वांग्यांची पाटी घेऊन आली, कुडाशी उभी राहून बघत राहिली आणि हळूच मला म्हणाली, "ही पाव्हणी कुठली गं तारबाई? केस लई झ्याक हायत."

पोपट वळला. तोंडाला दाढीचा साबण. "मावशे, वांगी कशी दिली?"

भागूबाईने पाटी खाली ठेवली आणि तिथेच बसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "मेल्या, माझ्या सुनंला दे रं ह्यातलं निम्मं." मग त्याला दोन वांगी जास्त घातली. जाताना परत वळून बघून म्हणाली, "बाईची जात वाया गेली बग."

आनंदी पोपटला रोज संध्याकाळी जुनी ओव्यांची चाल शिकवते आणि तो तिला नाटकातली गाणी म्हणून दाखवतो. माझ्या ओटीवर इतका आवाज पास्कू गेल्यापासून झाला नव्हता.

२ फेब्रुवारी

आज मेणबत्त्यांचा सण. कल्याणहून पाद्री येऊ शकले नाहीत, म्हणून घरीच आल्तारापुढे मेणबत्ती लावून प्रार्थना केली. मग आनंदीबरोबर मांडव बघायला गेले.

मांडव नदीच्या अंगाला आहे. पुरुषांची बाजू तिन्हीकडून मोकळी. बायकांची बाजू रंगभूमीच्या उजव्या हाताला, इतकी जवळ की विंगेतलं सुद्धा दिसावं. पण चारी बाजूंनी बांबूच्या तट्ट्या. रंगभूमीच्या अंगाला तेवढी बारीक काड्यांची चीक लावली आहे, आतून बाहेरचं दिसतं, बाहेरून आतलं नाही. दार म्हणजे एक तट्टी. बायका आत बसल्या की ती बाहेरून सुंभाने बांधून टाकायची आणि खेळ संपल्यावर सोडायची. दहिवलीचे कोंडाजी पाटील तिथेच उभे राहून गाठी कशा मारायच्या ते गड्याला दाखवत होते. खालापुरात मागल्या साली कुणी टवाळ पोरं बायकांत शिरली होती. पाटलांची अट अशी की बांधाबांध होणार नसेल तर दहिवलीची एकही बाई नाटकाला येणार नाही. मालोजीराव हो हो म्हणत होते.

आनंदी पाटलांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, "आमाला काय कोंबड्यांसारखं डालून ठेवता का वो पाटील?"

पाटील म्हणाले, "कोंबडी डालली तरच कोल्ह्यापासनं वाचते, आनंदीबाई."

पाटलांची धाकटी सून जयवंता मागे उभी होती. पदरात तोंड खुपसून हसली. लग्नाला वर्षही झालेलं नाही तिच्या.

७ फेब्रुवारी

आनंदी गेली.

९ फेब्रुवारी

काल लिहायला बसले, पण दौत उघडली नाही. आज लिहिते.

मंगळवारचा खेळ होता. मी आनंदीबरोबर बसले नव्हते. राक्षसाच्या दुसऱ्या झग्याचा खांदा उसवला म्हणून मालकांनी मला मागे रंगपटात बोलावून घेतलं होतं. माझ्या आणि रंगभूमीच्या मध्ये रंगवलेला पडदा होता, अरण्याचा. मला दिसत काहीच नव्हतं, ऐकू सगळं येत होतं. देवीचा प्रवेश चालू होता. पोपटचा आवाज इतका चढला होता की हातातली सुई थांबवून मी ऐकत राहिले. मध्येच गाणं तुटलं. कुणीतरी "दिवा, दिवा" म्हणालं. मग पडद्यावरची झाडं माझ्या बाजूने उजळली, एखाद्या कंदिलाच्या काचेसारखी, आणि मग ती झाडं नव्हतीच.

मागची बाजू उघडी होती. मी सहज बाहेर आले. पेंढा वाळलेला, वारा नदीकडून.

पुरुष सगळे बाहेर पडले होते. बायकांच्या तट्ट्यांपुढे पंचवीस-तीस जण उभे होते, काहींच्या हातात कोयते. गाठी सुटत नव्हत्या, कारण आतून बायका दारावर रेटत होत्या आणि त्याने सुंभ आणखी आवळलं जात होतं. एकाने तट्टी तोडायला कोयता उचलला तर दुसऱ्याने त्याचा हात धरला. "आत आमच्या घरच्या बायका हायत, तू बाजूला व्हय." तो बाजूला झाला. मग ज्याच्या घरच्या त्याने पुढे व्हायचं; पण कुणाची कुठे बसली आहे ते कुणाला ठाऊक. ते बाहेरून नावं घेऊन हाका मारत होते. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. वाईट माणसं नव्हती ती. त्यांचे पाय उचलत नव्हते.

तेवढ्यात नदीच्या अंगाची तट्टी आतून फुटली आणि बायका बाहेर पडू लागल्या. कुणी रांगत, कुणी उचलून फेकल्यासारख्या. त्या फटीत मधूनमधून हिरवं लुगडं दिसत होतं.

चौदा जण गेले. त्यांत तेरा बायका आणि मुली. दिवेवाला नामा वाळू टाकताना रंगभूमीवरच गेला. आनंदी सकाळी सापडली. तिच्या मिश्रीच्या डबीवरून मी ओळखली. तिच्या शेलूच्या भाच्याने नदीवर सगळं केलं.

१२ फेब्रुवारी

पोपट माझ्या ओटीवर आहे. केस सगळे जळले. उरलेले मीच कात्रीने कापले. तोंड वाचलं, हात नाही. कोपरापासून बोटांपर्यंत. कॉन्व्हेंटातल्या दवाखान्यात आम्ही चुन्याची निवळी आणि जवसाचं तेल एकत्र घोटत असू, तेच लावते आणि जुन्या चादरीच्या पट्ट्या बांधते. पट्टी सोडताना तो गाणं म्हणू का विचारतो. मी हो म्हणते. मग आनंदीने शिकवलेली ओवी म्हणतो आणि आम्हा दोघांचंही काम अवघड होतं.

आज फौजदार आले. मालोजीरावांनी जबानी दिली आहे: देवी नाचताना पोपटचा पाय लागून दिवा पडला, आणि आग बघून तो पळत सुटला तो थेट बायकांत घुसला. मामलेदारांपुढे चौकशी होईल. शाबीत झालं तर पोपट तुरुंगात जाईल.

मी म्हणाले, तो बायकांना काढायला गेला होता.

"तुम्ही दिवा पडताना पाहिलात का बाई?"

नाही.

"आत काय झालं ते पाहिलंत?"

नाही. आणि तो माझ्या घरी राहतो, हेही त्यांनी लिहून घेतलं. मंडळीतले बाकीचे मालकांच्या भाकरीवर आहेत, पुरुष प्रेक्षक लांब होते. दिवा कसा पडला आणि पोपट आत जाऊन काय करत होता, हे सांगू शकतात ते फक्त बायकांच्या बाजूला बसलेल्या बायका. ओटीच्या पायरीवर आता एक शिपाई बसवला आहे. तो चांगला आहे, पोपटला पाणी पाजतो.

१५ फेब्रुवारी

दहिवलीला गेले होते. भागूबाईच्या पाठीला भाजलं आहे, पालथी पडून होती. मी तिला सगळं समजावून सांगितलं. तू पोपटला ओळखतेस, तू एकदा कचेरीत येऊन सांग, की ह्याने आम्हाला काढलं.

ती कोपरांवर जराशी उठली. मग म्हणाली, "तारबाई, पाटलाच्या जयवंतीला खांद्यावर घालून काढली त्यानं. पदर नव्हता तिच्या अंगावर, जळाला व्हता. परक्या बाप्यानं उचलली आसं म्या कचेरीत सांगू? पाटील तिला उद्याच्याला माहेरी घालवंल. आन् ती एकलीच नाय. आमी सोळा जणी हाव."

"पण त्याने जीव वाचवला तुमचा."

"वाचवला गं."

"मग खरं सांगायला नको?"

तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. मी घरी आले. येताना मला तिचा राग आला होता, आता येत नाही. जयवंताचं वय मी कॉन्व्हेंट सोडलं त्या वेळी माझं होतं तेवढंच असेल.

१९ फेब्रुवारी

गावात भलतंच सुरू झालं आहे. भागूबाई आज काठी टेकत आली, भाजलेल्या पाठीवर ओलं फडकं, आणि ओटीवर पोपट निजला आहे हे बघून आत येऊन बसली. मला वाटलं मन बदललं. तर ती म्हणाली, "तारबाई, आमाला देवीनं काढलं."

"कुठल्या देवीने?"

"देवीनं. हिरवं लुगडं व्हतं. हातात तिरसूळ. समद्या जणींनी पायली."

मी तिला शांतपणे सांगितलं, की बाई, ते लुगडं मीच शिवलं होतं, आणि त्रिशूळ लाकडाचा, वर्ख लावलेला. ते पोपटने नेसलं होतं. तू घाबरलेली होतीस, धूर होता, तुला तसं वाटलं असेल.

"आसंल," ती म्हणाली. मग ओटीकडे बघून विचारलं, "हात बरं हायत का?"

"कुणाचे? पोपटचे?"

"हां. त्याचंच."

पदरातून तिने लोण्याचा गोळा काढला, केळीच्या पानात बांधलेला. भाजल्यावर लावायला, म्हणाली. भाजल्यावर लोणी लावू नये, हेही मी तिला सांगितलं. तिने हसून मान डोलावली.

भीतीने माणसाचं मन कसं होतं. ज्याला तिने महिन्यापूर्वी दोन वांगी जास्त घातली, त्याला ती ओळखेनाशी झाली आहे.

२२ फेब्रुवारी

एक नाही, सोळाही जणी तेच सांगत आहेत. जळक्या खळ्यावर कुणीतरी एक धोंडा ठेवून शेंदूर फासला आहे. शेलूहून, नेरळहून बायका बघायला येतात. पोपटला आत घेतलं आहे, कारण त्या येता-जाता माझ्या कुडापाशीही थांबतात.

पाटलांचं तर विचारू नये. कालपर्यंत, आमच्या बायका कचेरीची पायरी चढणार नाहीत म्हणत होते. आज चावडीवर सांगत होते, की माझ्या घरच्या सुनांना देवीने दर्शन दिलं, हे सरकारदफ्तरी लिहिलं गेलं पाहिजे. मी बैलगाड्या जुंपतो आणि स्वतः नेतो.

मला रडूही येतं आणि हसूही येतं. आनंदी असती तर मी तिला विचारलं असतं, बायका शपथेवर असं कसं बोलणार? मदर म्हणायच्या, शपथ ही देवाच्या हातात हात देऊन बोलणं असतं. पोपटला हे सांगितलं. तो म्हणाला, "बोलू द्या बाई त्यांना."

"अरे, तुझ्या नावावर तुरुंग आहे."

"मला म्हाईत हाय," तो म्हणाला आणि कुशीवर वळला. मोठ्या मनाचं पोर आहे. स्वतःचं श्रेय दगडाला जातंय तरी तोंडातून शब्द नाही.

२६ फेब्रुवारी

चौकशी झाली.

कचेरीच्या अंगणात पाटलांच्या तीन बैलगाड्या, बैलांच्या शिंगांना नुसते गोंडे बांधायचे राहिले होते. बायका पडवीत एका बाजूला बसल्या. मामलेदार वयस्क, चष्मा नाकावर उतरलेला, काही वाटलं तरी तोंडावर दिसू न देणारे. आधी मालोजीराव बोलले, मग पोपट. पोपट म्हणाला, दिवा माझ्या पायाने पडला नाही, मी मध्ये होतो. त्यावर कारकून हसला. मी माझं सांगितलं. ते कुणी फारसं ऐकलं नाही.

मग भागूबाई. मी खाली मान घालून बसले.

मामलेदार म्हणाले, "तुम्हाला कुणी बाहेर काढलं?"

"देवीनं, साहेब."

लोकांत कुजबुज झाली. पाटलांनी हात जोडले. मामलेदारांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "बरं. दिवा पेटला तेव्हा ही देवी कुठे होती?"

"मधोमध. राक्षसाच्या छातीवर पाय दिला व्हता, गाणं म्हनत व्हती."

"दिव्यापासून किती लांब?"

"लई लांब. दिवा हिकडं, आमच्या अंगाला. आडोशाला."

"मग तो पाडला कुणी?"

"पाडला नाय. मालकांनी आडोशानं हात घातला आन् वात चढवली. लाल खड्याची आंगठी व्हती. वात चढवली तशी जाळ पडद्याला लागला. हात झटक्यानं मागं घेतला, तवा दिवा कलंडला."

मालोजीरावांनी उजवा हात उपरण्याखाली घेतला. सगळ्यांनी ते पाहिलं.

"मग देवीने काय केलं?"

"चीक फाडून आत आली. तिरसूळ घालून नदीकडची तट्टी उचकटली. सुंभ पेटलेलं व्हतं, ते हातानं तोडलं. मंग एकेकीला भायेर लोटलं."

"बायकांना हात लावला?"

भागूबाईने पाटलांकडे पाहिलं, मग मामलेदारांकडे. "लेकरू जळत आसंल तर आई हात लावंल का नाय साहेब?"

पाटील मोठ्याने म्हणाले, "लावंल, लावंल."

मामलेदार म्हणाले, "पेटलेलं सुंभ हाताने तोडलं. म्हणजे देवीचे हात भाजले असतील."

"भाजलं आसतील. मानसाच्या रूपात आली व्हती ना."

मामलेदारांनी पोपटच्या पट्ट्यांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग कारकुनाला सांगितलं, "लिहा. देवीच्या वेषातील व्यक्ती दिवा कलंडला तेव्हा रंगभूमीच्या मध्यभागी होती. आग लागल्यावर सदर व्यक्तीने बायकांच्या बाजूची तट्टी मोडून सोळा जणींना बाहेर काढले."

त्यानंतर दहिवलीचीच जिजा, मग जयवंता, मग बाकीच्या, सगळ्यांनी तेच सांगितलं. अंगठी, वात, त्रिशूळ. जयवंताचा आवाज इतका बारीक होता की कारकुनाने दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर ती मोठ्याने म्हणाली, "मला देवीनं खांद्यावर घेतली." पाटलांनी सगळ्यांसमोर सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला.

पोपट सुटला. मालोजीरावांचं काय ते जिल्ह्याच्या कोर्टात ठरेल. ते रडले. देवीचा प्रवेश लखलखीत दिसावा एवढंच माझ्या मनात होतं, म्हणाले, आणि ते खरंच असावं.

देवाचे उपकार. पण एक सल आहे तो इथेच लिहिते. सोळा जणी बोलल्या, आणि एकीच्याही तोंडून पोपटचं नाव आलं नाही. न्याय झाला, पण चुकून झाला, असं मला वाटतं. मामलेदारांनी शहाणपणा केला म्हणून बरं.

६ मार्च

राखेचा बुधवार. पाद्री आले होते. कपाळाला राख लावून घेतली आणि घरी येऊन बसून राहिले.

मागच्या दाराची कडी मी अजून लावत नाही. आनंदी कधी समोरून आली नाही. संध्याकाळची घाटाची गाडी आली की तिचा नवरा कंदील हलवायचा आणि ती चाळीच्या टोकाशी उभी राहून बघायची. तो त्याने आणखी एकदा, उगाचच, हलवावा म्हणून. तो हलवायचा. पास्कू म्हणायचा, एक दिवस ह्या दोघांपायी मेल थांबणार आहे.

पोपटच्या बोटांना नवी कातडी धरते आहे, गुलाबी, लहान बाळासारखी. डाव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत. आज त्याने स्वतःहून सांगितलं. म्हणाला, "बाई, आतमधी आनंदीमावशी दिसल्या हुत्या. मी त्यांचा हात धरला. त्यांनी सोडवून घेतला. माझ्यापुढं जयवंतीला ढकललं आन् म्हनल्या, हिला ने रं पोपट, माझं काय राहिलंय. परत आत गेलो तवर वरचा पेंढा आला हुता."

मी त्याला म्हणाले, तू परत गेला होतास, एवढं पुरे आहे.

नंतर मला वाटत राहिलं, तेवढ्या धुरात, तेवढ्या जाळात तिने त्याला ओळखलं. नावाने हाक मारली. तिला तर चार हातांवरचं दिसत नव्हतं. आणि धड डोळ्यांच्या सोळा जणींना मात्र देवी दिसली. आनंदी पहिल्यापासूनच वेगळी होती.

१४ मार्च

पोपट आज गेला. पुण्यापर्यंत गाडीने, पुढे वाईला बैलगाडीने. गावाकडे मामा आहे, त्याच्याकडे राहीन म्हणतो. नाटकाचं विचारलं तर म्हणाला, केस वाढतील, बोटं वळली तर बघू.

मी त्याला शिदोरी बांधून दिली आणि पास्कूचं उपरणं दिलं, पेटीत ठेवून पिवळं पडलेलं. स्टेशनावर आम्ही वेळेआधी पोचलो. घाट चढवायचं इंजिन मागून लागत होतं. तेवढ्यात फाटकातून बायका आल्या. भागूबाई पुढे, मागे जिजा, जयवंता, आणखी कितीतरी. सगळ्या दहिवलीहून चालत आलेल्या, डोक्यावरून पदर, हातात ताटं. बरोबर पुरुष कुणीही नव्हतं.

भागूबाई म्हणाली, "वटी भरायची हाय."

मी म्हणाले, "कुणाची?"

तिने ताटावरचं फडकं काढलं. ताटात खण होता, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. ती पोपटपुढे जाऊन उभी राहिली. पोपट गोंधळला, मग त्याने खांद्यावरचं उपरणं काढून दोन्ही हातांवर पसरलं. पण त्या हातांना नारळाचं वजन पेलेना, उपरणं कलायला लागलं. मी पुढे झाले आणि खालून धरलं.

प्लॅटफॉर्मवरचे लोक बघत होते. एक गोरा गार्डही डब्यातून वाकून बघत होता. बायकांना कुणाचं काही नव्हतं. एकेकीने ओंजळभर तांदूळ घातले, कुणी सुपारी, कुणी हळकुंड. ज्यांच्या घरची कुणी गेली होती, त्या दोघीही आल्या होत्या, त्यांनीही घातले. गौरीला पाठवताना म्हणतात तसं फक्त भागूबाई प्रत्येकीनंतर म्हणत होती, "परत ये."

शेवटी जयवंता आली. तिच्या मनगटावर अजून डाग आहे. तिने तांदूळ घातले, वाकून नमस्कार केला, आणि उठताना पदर मागे सारून सरळ पोपटच्या तोंडाकडे पाहिलं. म्हणाली, "दादा, हात जपा."

जिजाने तिला कोपराने ढोसलं. मागच्या दोघी-तिघी एकदम पदरात हसल्या, आणि हसता हसता एक रडायला लागली.

मी भागूबाईकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती इंजिनाकडे बघत होती, जणू इंजिन तिने आजच पाहिलं.

शिट्टी झाली. पोपटच्या डोळ्यांतलं पाणी पुसायला त्याला हात मोकळे नव्हते, आणि मला उपरणं सोडता येत नव्हतं. तांदूळ सांडले असते. मग भागूबाईनेच आपल्या पदराने त्याचं तोंड पुसलं.